तटस्थाची जोखीम

कोठे युद्ध पेटल्याची बातमी आली की घाटकोपर-मुलुंडच्या पेढ्यांवर आधी तेलाचा व सोन्याचा भाव विचारला जातो, आणि मग भारताने कोणाची बाजू घ्यावी याचा खल सुरू होतो. या खलात हल्ली असे मत वारंवार कानी येते की, तटस्थता हा दुबळ्याचा नाही तर धूर्ताचा मार्ग होय. दोघांशी गोड बोलावे, दोघांकडून माल घ्यावा आणि पूर ओसरेपर्यंत काठावर बसावे. तटस्थतेचा अर्थ एवढाच असेल तर आम्हीही तिचा कैवार घेणार नाही. परंतु तिचा दुसरा अर्थ आपल्याच देशाने कोरियात करून दाखविला आहे, आणि त्या कामी एक मराठी सेनापती अग्रभागी होता, याचे विस्मरण आमच्या वाचकांस होऊ नये.

कोरियातील युद्ध जून १९५० मध्ये सुरू झाले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आपले वकील सरदार पणिक्कर यांस मध्यरात्री बोलावून सांगितले की, अमेरिकन फौजा ३८ वे अक्षवृत्त ओलांडून उत्तरेकडे आल्या तर चीन युद्धात उतरेल. हा निरोप भारताने पुढे पोहोचविला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकी म्हणून बाजूस सारला. त्याच महिन्यात चिनी फौजा कोरियात शिरल्या आणि संग्राम जवळजवळ तीन वर्षे लांबला. निरोप खरा होता. निरोप्याची पत मात्र अद्याप बसलेली नव्हती.

ती पत पुढे कैद्यांच्या प्रश्नात बसली. १९५१ मध्ये सुरू झालेली तहाची बोलणी एकाच मुद्द्यावर अडून राहिली: जे कैदी मायदेशी परतू इच्छीत नाहीत त्यांचे काय करावे? नोव्हेंबर १९५२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत तोड सुचविली, तेव्हा रशिया व चीन या दोघांनीही तीवर कडक टीका केली. तथापि सुमारे सात महिन्यांनी, जून १९५३ मध्ये, बरीचशी तीच तोड उभय पक्षांस पत्करावी लागली व २७ जुलै रोजी युद्धविराम झाला.

पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. जनरल थिमय्या अध्यक्ष झाले, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे आधिपत्य कोल्हापूरकडील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे आले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी या दलास आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्याचे नाकारले, म्हणून आपल्या शिपायांस जहाजांवरून हेलिकॉप्टरने युद्धमुक्त पट्ट्यात न्यावे लागले! पाहुणचाराचा आरंभच असा. २२,६०० हून अधिक कैदी ताब्यात आले. त्यांत आपापसांत दहशत घालणारे पुढारी होते. एकदा त्यांनी एका भारतीय मेजरास छावणीत अडकवून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले व बोलणी करून त्यास सोडवून आणले. प्रत्येक प्रसंग इतका सुखान्त झाला नाही. ऑक्टोबरच्या आरंभीच्या दंगलींत भारतीय गोळीने कैदी मेलेही. हे लपविण्याचे कारण नाही.

शेवटी जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्याचे त्यास परत केले, तर दोन्ही पक्षांचा रोष पदरी आला. त्याआधी, १९५३ च्या ऑगस्टमध्येच, कोरियाविषयीच्या राजकीय परिषदेत भारताने बसू नये अशीही खटपट यशस्वी झाली होती. तुरुंग राखावयास भारत हवा, मसलतीस नको! बाजारात दोन व्यापाऱ्यांचा हिशेब तुटला म्हणजे पंच होणाऱ्या गृहस्थाची गत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दोन्ही गिऱ्हाइके जाण्याची तयारी असेल त्यानेच ती जागा घ्यावी.

२०२२ मध्ये युक्रेनवरील ठरावांत भारताने संयुक्त राष्ट्रांत मत दिले नाही, यावर येथे पुष्कळांनी समाधान मानले. मत न देणे प्रसंगी शहाणपणाचे असेल. परंतु त्यात कोणाचे कैदी राखावे लागत नाहीत, कोणाचा अप्रिय निरोप मध्यरात्री पोहोचवावा लागत नाही. सरकारने असे एखादे काम उद्या अंगावर घेतले, त्यात माल अडकला, भाव चढले, आणि अंधेरी-बोरिवलीच्या घरांतील मुले परक्या छावणीच्या पहाऱ्यावर गेली, तर आज तटस्थतेचा जयजयकार करणारे आमचे किती व्यापारी बंधू तिच्या पाठीशी उभे राहतील, हे आम्ही त्यांनाच विचारतो.