एका पंगतीची मासवडी

नाणेघाटातल्या सातवाहन लेखात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांच्या दक्षिणांची नोंद आहे, तर घाट चढून आलेला माल जिथे उतरे त्या जुन्नरभोवती पशुयज्ञ नाकारणाऱ्या बौद्धांची दोनशेहून अधिक लेणी आहेत. परस्परविरोधी आचारांचा शेजार या भूमीला दोन हजार वर्षे परिचित आहे. बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मांसाचे पाक आणि डाळींचे वडे एकाच राजभोजनात येतात, त्याच सुमारास सुंगकालीन चीनच्या भोजनालयांत बौद्ध उपासकांसाठी मांसासारखे दिसणारे शाकाहारी पदार्थ रांधले जात होते.

पुढे वारकरी पंथाने मराठी घराच्या आतच शाकाहार-मांसाहाराची ही सीमा आणली. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी असलेल्या ओतूरच्या परिसरात माळकरी आजोबा आणि मटण खाणारा नातू एकाच चुलीचे अन्न खात आले. श्रावणात आलेल्या मांसाहारी पाहुण्याला फिके जेवण वाढून भागत नसे.

जुन्नर-आंबेगावची मासवडी याच गरजेचे उत्तर आहे, असे मी मानतो. घट्ट हाटलेले बेसन ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच दुमडून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत भाजक्या वाटणाचा, तर्रीदार रस्सा आणि बाजरीची भाकरी. त्या तर्रीतली मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली, म्हणजे परंपरेने परक्यालाही सामावून घेतले. मांसाहाऱ्याला हवा असतो तो भाजल्या मसाल्याचा दरवळ, तेलाचा तवंग, दाताखालचा भरीवपणा आणि रांधणारीने घेतलेले कष्ट. हे सारे इथे आहे, आणि कुणी कुणाचे व्रत मोडलेले नाही.

मांसाहाऱ्याची हीच भूक भागवायला आता उद्योगही उतरले आहेत. 2019 मध्ये वनस्पतिजन्य मांस बनवणाऱ्या ‘बियॉन्ड मीट’ या अमेरिकी कंपनीचा समभाग 25 डॉलरला बाजारात आला, काही महिन्यांत दोनशेच्या वर गेला आणि पुढे मूळ किमतीच्याही पार खाली घसरला, या काळात आपल्याकडेही असे उद्योग उभे राहिले. प्रयोगशाळेने मांसाची नक्कल साधली, पण पाहुण्याला रुचेल असे रांधणाऱ्या घराचा अनुभव तिच्या हिशेबात नव्हता. त्याहून चिंतेची गोष्ट वेगळी आहे. 2023 मध्ये पवईच्या आयआयटीत केवळ शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखण्यावरून वाद पेटला. ज्या पिढीची ताटे अशी अलग मांडली जातील, तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या जिभेचा विचार करून नवी मासवडी घडवण्याची गरजच कुणाला भासणार नाही.