बाबूची शिकवणी

हल्ली आमच्या निवृत्त मंडळींत एक नवी टूम निघाली आहे. मुलं मार्गी लागलेली, पेन्शन बरी, गुडघे अजून शाबूत. मग संध्याकाळच्या फेरीत कोणी तरी मला बाजूला घेतं. "तू त्या आफ्रिकेत शिकवायला गेला होतास ना? आम्हालाही अशी काही सेवा करायची आहे. पत्ता दे." पत्ता मी देतो. पण त्याबरोबर एक हकिगतही ऐकवतो, आणि ती ऐकून निम्म्या लोकांकडून पत्ता हरवतो.

बँकेतून निवृत्त झाल्यावर, २०१८ साली, मी तीन महिने टांझानियात होतो. किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, मोशी शहराच्या वर एक खेडं. केळीच्या बागा, त्यांच्या सावलीत कॉफी. या कॉफीवाल्या शेतकऱ्यांनी १९३३ साली आपला सहकारी संघ उभारला होता, हे कळल्यावर माझ्यातला बँकवाला सुखावला. प्राथमिक शाळेत गणित शिकवायचं, एवढंच काम होतं. आकड्यांना भाषा लागत नाही, अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो. सत्तरेक मुलं ताडकन उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "शिकामो, म्वालिमू!" मी हात जोडून नमस्कार केला. मुलं उभीच. मी हसलो. मुलं उभीच. शेवटी मदतीला दिलेला तरुण शिक्षक कानाशी लागला, "मराहबा म्हणा." म्हटलं, तेव्हा वर्ग खाली बसला. 'शिकामो'चा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरतो'. थोरल्यानं 'मराहबा' म्हणून तो स्वीकारल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. एकीकडे पाया पडून घ्यायचा संकोच, दुसरीकडे मुलं ताटकळतायत. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या पुरोगामित्वाची पंचाईत झाली.

घड्याळानं तर पुरती फजिती केली. मुख्याध्यापकांनी भेटीची वेळ दिली, "सा नाने". नाने म्हणजे आठ, हे मी पुस्तकातून पाठ करून गेलो होतो. सकाळी आठला हजर झालो आणि दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून राहिलो. स्वाहिली माणूस दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतो. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले दोन म्हणजे त्यांचे आठ. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने साधारण एकाच वेळी उगवतो, तेव्हा हा हिशेब आपल्याहून अधिक सरळ आहे. कोणी हसलं नाही. दोनदा चहा आला, बस्स.

शब्दांची मात्र गंमत वाटायची. वहीला दफ्तारी, गणिताला हेसाबू, दुकानाला दुका, विम्याला बिमा, चेकला हुंदी. कर्जाला देनी म्हणतात. तो शब्द अरबीतून आलेला, पण मला आपलं 'देणं'च ऐकू यायचं. परमुलखात कोणी गाववाला भेटावा, तसं व्हायचं. या ओळखीच्या आनंदात मी थोडा बेसावध राहिलो.

एके दिवशी नफातोट्याचं उदाहरण मुलांनीच रचावं, असं सांगितलं. एका मुलीनं फळ्यावर लिहिलं: एक बेपारी सुगीत मका स्वस्तात घेतो, टंचाईत महाग विकतो, तर त्याचा फायदा किती? फायद्याला तिथेही 'फाइदा'च. आणि त्या बेपाऱ्याचं नाव तिनं ठेवलं होतं 'म्हिंदी', म्हणजे हिंदी माणूस. गणित शेवटच्या शिलिंगापर्यंत बरोबर होतं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. गणितात दुकानदार हवा, आणि दुकानदार म्हणजे म्हिंदी.

'बेपारी' हा आपलाच 'व्यापारी', गुजराती दुकानदारांबरोबर समुद्रापलीकडे गेलेला. त्या भाषेत त्याचा अर्थ भांडवलदारही होतो. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू'च म्हणत. त्यांनी शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' १९६९ साली स्वाहिलीत आणलं, तेव्हा नाव दिलं 'माबेपारी वा वेनिसी'. त्याआधी दोन वर्षं, १९६७ मध्ये, त्यांनी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. आपल्या चौदा बँका १९६९ च्या जुलैत सरकारी झाल्या. मी त्या राष्ट्रीयीकरणाचं अन्न खाल्लेला माणूस. आणि इथे फळ्यावर मी सावकाराच्या जागी!

त्या रात्री मनात बरीच वकिली केली. माझे आजोबा कोकणातले शाळामास्तर, आमचं कुठे दुकान नव्हतं. शिवाय जिथे कोणी जात नव्हतं तिथे मीठ आणि रॉकेल या दुकानदारांनीच पोचवलं, आणि १९७१ मध्ये सरकारनं इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा झळही बहुतेक त्यांनाच लागली. हे सगळं खरं. पण शाखेत असताना गहाणखतांवर आणि वसुलीच्या नोटिशांवर केलेल्या सह्याही आठवल्या. सकाळी त्या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले.

आता मुख्य गोष्ट. सातवीची सरकारी परीक्षा जवळ येत होती. मी सकाळी सातला, त्यांच्या एक वाजता, जादा तास सुरू केला. निवडक वीस मुलं. हजेरीपट ठेवला. सहा आठवड्यांत एक गैरहजेरी नाही. घरी पाठवलेल्या पत्रात हे मी अभिमानानं लिहिलं.

एकदा एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं खडू डाव्या हातात धरला. उजवा का नाही, विचारलं तर खाली मान. मधल्या सुट्टीत तरुण शिक्षकानं सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. सकाळी सात ही शाळा झाडायची वेळ. मुलं घरून खराटे आणि पाण्याचे डबे घेऊन येतात, पाळीप्रमाणे आवार स्वच्छ करतात. माझ्या तासाला बसणारी मुलं पाळी चुकवत होती, आणि पाळी चुकली की छडी. तिथल्या कायद्यात शाळेतल्या छडीला मर्यादित परवानगी आहे. सहा आठवडे ही मुलं आधी माझं गणित करत होती आणि मग हात पुढे करत होती. मला कोणी सांगितलं नाही, कारण ज्याचे पाय धरायचे त्याच्याकडे तक्रार कशी करायची?

मी तावातावानं मुख्याध्यापकांकडे गेलो. मारण्यावर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तास सुरू करण्यापूर्वी तुम्ही वेळ विचारली असतीत तर?" छडीबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास दुपारी आठ वाजता हलवला, म्हणजे आपल्या दोनला. छडी त्यांनी थांबवली नाही.

म्हणून पत्ता मागणाऱ्यांना मी सांगतो, पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. त्यापेक्षा तिकिटाचे पैसे पाठवा. गेलात तर पहिला महिना शिकवू नका, मागच्या बाकावर बसा. भाषा घ्या. शाळा किती वाजता उघडते हे नव्हे, तर उघडण्यापूर्वी तिथे काय चालतं ते बघा. लोक म्हणतात, मग आमच्या अनुभवाचा उपयोग काय? मी म्हणतो, माझ्या छत्तीस वर्षांच्या अनुभवानं वीस मुलांना छडी मिळवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शाळेत गेलो आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. चार हात झाडलं असेल नसेल, तोच डाव्या हातात खडू धरणारा तो मुलगा धावत आला. "हापाना, बाबू!" नको, आजोबा. तिथे बाबू म्हणजे आजोबा. जन्मभर बँकेतला बाबू म्हणवून घेतलेल्या माझ्या हातातून त्यानं खराटा काढून घेतला, आणि उजव्या हाताची बोटं जपत आवार झाडू लागला.