पाचशे पंचवीस पट

देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या कन्येने तीन वर्षांच्या भाऊबिजेची ओवाळणी साठवून एक दुर्बीण घेतली. खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले, आणि प्रत्यक्षात चंद्रसुद्धा धड दिसेना. मुलगी हिरमुसली आहे. ‘ही दुर्बीण विकून मोठी घ्यावी, की हा नादच सोडून द्यावा?’ असे भगिनींनी विचारले आहे.

आमचे उत्तर असे की, दोन्हीही करू नये. दुर्बीण बहुधा चांगली असेल. खोट असेल ती डोळा लावण्याच्या टोकाला बसवावयाच्या त्या इवल्याशा नळीत, म्हणजे नेत्रिकेत. दुकानदार तिला आयपीस म्हणतात. हे आम्ही अधिकाराने नव्हे, तर स्वतः पस्तावून सांगत आहो.

आमच्या नातवाची मुंज २०२४ च्या माघात इंदूरला झाली. त्याच्या मामांनी आहेरात दुर्बीण दिली. भिंगाचा व्यास ७० मिलीमीटर, नाभीय अंतर ७००. सोबत दोन नेत्रिका होत्या, एकीवर २० व दुसरीवर ४ हा आकडा. शिवाय तिप्पट करणारे एक बार्लो भिंग. त्याच रात्री सारी मंडळी गच्चीवर जमली. पश्चिमेला गुरू झळकत होता. नातवाने २० ची नेत्रिका हाती घेतली, तर आम्हीच वडीलकीच्या तोऱ्यात म्हणालो, ‘‘अरे, ती राहू दे. सर्वांत मोठी शक्ती लाव!’’ लावली. मग काय दिसले? काळोखात एक मळकट, थरथरणारा डाग. आणि तोही पंधरा-वीस सेकंदांत नजरेआड होणारा, कारण पृथ्वी फिरते आहे आणि नेत्रिकेची खिडकी सुईच्या नेढ्याएवढी. तासाभराने नातू म्हणाला, ‘‘आजोबा, मामांनी फसवी दुर्बीण दिली.’’ दुसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर गेली, आणि दहा महिने तेथेच राहिली.

मामा निर्दोष होते. गणित आम्हांला ठाऊक असावयास हवे होते. दुर्बिणीच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे, म्हणजे विवर्धन मिळते. ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. त्याची बार्लोने तिप्पट केली की झाले ५२५! आकडा खोटा नाही, पण निरर्थक आहे. भिंगाचा व्यास जितके मिलीमीटर, त्याच्या दुपटीहून अधिक विवर्धनाचा उपयोग होत नाही, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. ७० मिलीमीटरच्या दुर्बिणीस १४० पट ही सीमा. आणि आपल्या शहरांवरची हवा तेवढेही रोज पेलू देत नाही. बिंब मोठे केले तरी भिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो व मोठ्या जागेत पसरतो. ३५ पटींवरून १७५ वर गेलो की बिंब पाचपट रुंद होते, पण त्याचे तेज पंचविसाव्या हिश्श्यावर येते. पेलाभर दुधात घागरभर पाणी घालावे, तसलाच हा प्रकार. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याच्या दुर्बिणीची शक्ती विसेक पटच होती, हेही येथे नमूद करून ठेवतो.

आता नेत्रिकांच्या जातींविषयी. नळीवर आकड्याआधी ‘एच’ असे इंग्रजी अक्षर असेल, तर ती हायगेन्सने सतराव्या शतकात काढलेल्या रचनेची, दोन भिंगांची. ‘एसआर’ ही रॅम्सडेनच्या रचनेची. दोन्ही स्वस्त आणि खिडकी अरुंद. ‘के’ म्हणजे केलनर, तीन भिंगांची, १८४९ सालची रचना. ही गरिबाघरची पण कुलीन म्हणावी अशी. आणि ‘प्लॉसल’ ही व्हिएन्नाच्या त्या नावाच्या भिंगकाराने १८६० मध्ये सिद्ध केलेली, दोन जोड्यांची मिळून चार भिंगांची. हिच्यातून सुमारे ५० अंशांचे विस्तीर्ण क्षेत्र कडेपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. शाळेच्या चांगल्या बुटांच्या जोडाला पडतात, साधारण तेवढ्यात साधी प्लॉसल मिळते. याहून भारी नेत्रिका पुष्कळ आहेत. काही तर आख्ख्या दुर्बिणीहून महाग. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

कोणत्या घ्याव्यात? पहिली ३२ मिलीमीटरची प्लॉसल. भगिनींच्या दुर्बिणीचे मापही आमच्यासारखेच असेल, तर (खोक्यावरच्या ५२५ वरून तसे वाटते) ही २२ पट दाखवील. २२ म्हटले की मुले नाक मुरडतात. मुरडू द्यावे. हिच्यात संपूर्ण चंद्र भोवतालच्या आकाशासह मावतो, कृत्तिकांचा पुंज एकाच दृष्टिक्षेपात येतो, मृग नक्षत्रातील तेजोमेघ दिसतो. आणि मुख्य म्हणजे वस्तू सापडते. नवशिक्याचे निम्मे वैफल्य न सापडण्याचेच असते. दुसरी १२ किंवा साडेबाराची. ती ५८ पटींच्या आसपास नेते. गुरूचे पट्टे व शनीची कडी पाहावयास एवढे पुरते. (पृथ्वी २०२५ च्या मार्चात कड्यांच्या पातळीतून गेली, त्या सुमारास ती धारेवरून दिसत असल्याने जवळजवळ लुप्त झाली होती. आता वर्षागणिक उघडत चालली आहेत.) पुढे कधी पैसे हाती आले तर दुप्पट करणारे बरे बार्लो घ्यावे. मग दोन नेत्रिकांची कामे चार होतात: २२, ४४, ५८ व ११७ पट. २५ व १२ अशी जोडी मात्र घेऊ नये, कारण दुप्पट केलेली २५ म्हणजे १२ चीच बहीण. स्वस्तातल्या ‘झूम’ नेत्रिकाही टाळाव्यात. एकीतच सर्व काही देऊ करतात, आणि नेमक्या कमी शक्तीला त्यांची खिडकी आक्रसते.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लहान आकड्याच्या प्लॉसलला डोळा अगदी चिकटवावा लागतो; १० मिलीमीटरच्या नेत्रिकेत जेमतेम ७ मिलीमीटर अंतर मिळते. चष्मा केवळ दूरचे किंवा जवळचे दिसण्यासाठी असेल तर तो काढून ठेवावा व दुर्बिणीचे चाक फिरवून घ्यावे, सारे स्पष्ट दिसते. तिरपा नंबर असणाऱ्यांना कमी शक्तीच्या नेत्रिकेवर चष्मा लागेल. त्यांना ३२ चीच सोयीची.

खरेदीपूर्वी फूटपट्टी घेऊन नेत्रिकेच्या नळीचा व्यास मोजावा. हल्ली बहुतेक ठिकाणी सव्वा इंच चालतो, पण जुन्या व काही स्वस्त दुर्बिणींत साडेचोवीस मिलीमीटरची बारीक नळी असे. मोजल्यावाचून मागविलेली नेत्रिका परत पाठविण्याचा खटाटोप आमच्या शेजाऱ्यांनी नुकताच केला आहे.

आणखी एक, आणि हे कोणी हसण्यावारी नेऊ नये. काही खोक्यांत नेत्रिकेवर बसवावयाची काळी काच सूर्य पाहण्यासाठी म्हणून दिलेली असते. ती आजच फोडून टाकावी. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने ती तडकते आणि डोळा कायमचा जातो.

आमच्या घरी डिसेंबरात दुर्बीण माळ्यावरून उतरली. गुरू तेव्हा वृषभेत, रोहिणीजवळ होता. नवी नेत्रिका अजून यावयाची होती, म्हणून आम्ही जुनी २० चीच लावली. ४ ची खिशात घातली. नातवाने डोळा लावला, आणि बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आजोबा, शेजारी बारीक बारीक ठिपके आहेत. चार.’’ त्याने ते वहीत काढले. दुसऱ्या रात्री पुन्हा काढले, तर जागा बदललेल्या. तिसऱ्या रात्री तीनच दिसले, तेव्हा चौथा कोठे गेला म्हणून त्याने आम्हांला जेवणावरून उठविले.