घोडेस्वार कुणाचा?

जर्मनीत प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे मानचिन्ह असते. ढालीच्या आकारात कुठे सिंह, कुठे किल्ली, कुठे नांगर. बहुतेकांचा अर्थ चटकन लागतो. उत्तरेकडच्या डिटमार्शन जिल्ह्याचे चिन्ह मात्र मला इतिहासाच्या तासाला हटकून आठवते. लाल ढालीवर पांढरा घोडा, त्यावर चिलखत घातलेला स्वार, हातात उगारलेली तलवार. दिसायला मोठे रुबाबदार! पण हा स्वार तिथल्या मातीतला नाही.

आयडर आणि एल्बे या नद्यांच्या मधला हा समुद्रकाठचा सखल प्रदेश. बांध घालून समुद्र अडवायचा आणि शेती करायची, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. इथे सरदार नव्हते. १४४७ पासून अठ्ठेचाळीस जणांचे मंडळ कारभार पाही. (याला लगेच लोकशाही म्हणू नये, सत्ता मोठ्या शेतकरी घराण्यांकडेच होती.) त्यांच्या जुन्या शिक्क्यावर बाळ येशूसह माता मेरी आणि संत ओस्वाल्ड असत.

डेन्मार्कचा राजा हान्स याला हा प्रदेश हवा होता. १७ फेब्रुवारी १५०० रोजी तो सरदार आणि भाडोत्री पलटण घेऊन हेमिंगश्टेटजवळ आला. शेतकऱ्यांनी बांधांची दारे उघडली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, खाली चिखल. चिलखती घोडे जागच्या जागी रुतले आणि शेतकऱ्यांनी ते बलाढ्य सैन्य बुडवले. राजाची निशाणेही त्यांच्या हाती लागली.

म्हणजे घोड्यावरच्या चिलखती सरदारालाच ज्यांनी चिखलात लोळवले, त्यांच्याच ढालीवर आज तसलाच सरदार दौडतो आहे!

हे घडले १५५९ साली. त्या वर्षी राजा दुसरा फ्रेडरिक आणि त्याच्या दोन काकांनी मिळून डिटमार्शन जिंकले. निशाणे परत करावी लागली. जिंकलेल्या मुलखाची खूण म्हणून राजाच्या मानचिन्हात हा स्वार आला. १५८१ मध्ये मुलखाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले.

पुढे लोकांनी त्याच स्वाराला संत जॉर्ज मानले. कुणाला तो आपलाच एखादा जुना वीर वाटला. जेत्याची खूण अशी हळूहळू घरची झाली. मला विचाराल तर मेरीचा शिक्काच अधिक शोभला असता. पण चारशे वर्षे डोळ्यांसमोर असलेले चित्र माझ्यासारख्याच्या तर्काने थोडेच पुसले जाते?

१९७० साली दोन्ही तुकडे जोडून आजचा जिल्हा झाला. हायडे हे त्याचे मुख्य ठिकाण. स्वार कायम राहिला. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या गादीवर आलेल्या राणी मार्गारेट यांनी राजचिन्हातून हातचे गेलेले जुने प्रदेश काढून टाकले, त्यात डिटमार्शनचा स्वारही गेला. ज्यांनी तो आणला त्यांच्या ढालीवर तो आता नाही. ज्यांच्यावर लादला, त्यांनी मात्र ठेवला आहे.