मोठी चाके आणि डिझेलचा खर्च

वडूज भागातील पुष्कळ बागायतदार आपला माल पिकअप गाडीने बाजारात नेतात. गाडीस मोठे टायर बसविले म्हणजे डिझेल वाचते, असा समज त्यांच्यात आढळतो. तो अर्धाच खरा होय. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर तोडते. मागील आसाच्या दातेरी चक्रांचे प्रमाण बदलल्यासारखाच हा परिणाम आहे. धाव वाढते, ओढ घटते. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, इंजिन संथ चालते खरे. परंतु साताऱ्याहून खताची पोती भरून वर्धनगडाचा घाट चढू लागताच चालकास खालचा गिअर घ्यावा लागतो, क्लच झिजतो आणि वाचलेले डिझेल तेथेच जळते. उतारावर ब्रेकही अधिक दाबावा लागतो, ही गोष्ट तर डिझेलहून महत्त्वाची.

शिवाय हिशेबही चुकतो. चाकाचा घेर शेकडा 5 ने वाढला, तर 105 किलोमीटरची धाव मीटरवर 100 च दिसते.

सबब कारखान्याने ठरविलेल्या मापाचेच टायर ठेवावेत आणि माल भरण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, हवा तपासून घ्यावी. कमी हवेचे चाक जड चालते व डिझेल खाते.