विम्याचा कागद आणि तोंडचा शब्द

नोकरींतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ आपल्या फंडाची रक्कम मुदतीच्या ठेवींत गुंतविण्यासाठीं बँकेंत जातो. तेथील तरुण कारकून मोठ्या अदबीनें त्यास खुर्ची देतो, "काका, ठेवीपेक्षां या योजनेंत अधिक मिळतें, आणि रक्कम एकदांच भरावयाची," असें सांगतो व फुल्या केलेल्या जागीं सह्या घेतो. वर्षानंतर दुसऱ्या हप्त्याची मागणी घरीं येते, तेव्हां उलगडा होतो कीं, ठेव म्हणून दिलेले दोन लाख रुपये हा दहा वर्षें भरावयाच्या आयुर्विम्याचा पहिला हप्ता होता. उरलेले नऊ हप्ते पेन्शनींतून भरणें शक्य नसतें. न भरावे, तर दिलेल्या रकमेचाही मोठा भाग बुडतो.

या फसवणुकीचें मूळ दलालीच्या रीतींत आहे. १९३८ च्या विमा-कायद्यांत २०१५ पर्यंत दलालीची कमाल मर्यादाच अशी होती कीं, पहिल्या वर्षीं सामान्यतः हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं साडेसात आणि पुढें पांच टक्के. तीं कलमें बदललीं, तरी नव्या विम्यावर अधिक लाभ ही रीत पुष्कळशी कायम आहे. विमा दहा वर्षें चालावा यापेक्षां तो आज खपावा, यांतच विक्रेत्याचें हित; आणि ठेवीच्या खिडकीशीं विमा विकणारी बँक ही त्या व्यवहारांत विमा-कंपनीची दलालच असते, हें ग्राहकाच्या ध्यानांतही येत नाहीं. "जुना विमा मोडून नवा घ्या" हा प्रेमळ सल्लाही याच पोटीं जन्मास येतो.

दाद मागावयास गेल्यावर "मला असें सांगितलें होतें" हें वाक्य लंगडें पडतें, कारण समोर सहीचा कागद असतो. शिवाय कंपनीकडून खातरजमेसाठीं दूरध्वनि येतो. "सर्व प्रश्नांस होय म्हणा" असें विक्रेत्यानें आधींच पढविलेलें असतें, आणि तें ध्वनिमुद्रित "होय" पुढें कंपनीच्या वतीनें साक्ष देतें.

म्हणून विमापत्र हातीं आल्यापासूनचे ३० दिवस फार मोलाचे. २०२४ च्या नियमांप्रमाणें या मुदतींत विमापत्र परत करतां येतें. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक यांचा खर्च वजा जातां बाकीचे पैसे परत मिळतात. लग्नपत्रिकेंतील नांवांचा क्रम बारकाईनें तपासणारे आपण लोक विमापत्राचें पाकीट मात्र न फोडतांच कपाटांत ठेवतों! हप्ता किती वर्षें भरावयाचा आणि मध्यें विमा मोडल्यास काय मिळेल, एवढें तरी पाहावें. सोबतच्या प्रस्तावपत्रांत निवृत्त शिक्षकास "व्यापारी" ठरवून त्याचें उत्पन्न तिप्पट लिहिल्याचे प्रकार घडतात. अशी नोंद सांपडल्यास ती जपून ठेवावी. तक्रारीस तिच्यासारखा पुरावा नाहीं.

मुदत टळली, तरी मार्ग खुंटत नाहीं. प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास लेखी अर्ज करून पोंच घ्यावी. महिन्याभरांत उत्तर न आल्यास किंवा तें असमाधानकारक असल्यास एका वर्षाच्या आंत विमा-लोकपालाकडे जातां येतें. महाराष्ट्रांत मुंबई व पुणें येथें त्यांच्या कचेऱ्या आहेत. तेथें शुल्क नाहीं, वकील चालत नाहीं. ५० लाखांपर्यंत भरपाई देण्याचा त्यांस अधिकार असून निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगापुढें चालू असेल, तर लोकपाल तो ऐकत नाहींत. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. येथें एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. "पहिल्या हप्त्यांतले कांहीं तुम्हीच सोसा" अशी विक्रेत्याशीं घासाघीस करणारे सुशिक्षित गृहस्थ थोडे नाहींत. अशी सूट देणें व घेणें दोन्ही ४१ व्या कलमानें निषिद्ध असून दंड दहा लाखांपर्यंत होऊं शकतो.

सर्वांत दारुण प्रसंग विधवेवर येतो. पतीनें मधुमेह असल्याचें सांगितलेलें असतें. विक्रेता "तें लिहावयाची गरज नाहीं" म्हणून "नाहीं" असें भरतो, आणि दोन वर्षांनीं मृत्यु झाल्यावर कंपनी दावा नाकारते. ४५ व्या कलमानें तीन वर्षें उलटल्यावर कंपनीस कोणत्याही कारणानें विम्यावर आक्षेप घेतां येत नाहीं. त्यापूर्वीं घेतां येतो. कायद्यांत असेंही स्पष्ट केलेलें आहे कीं, विम्यासाठीं बोलणीं करणारा मनुष्य करार घडण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधि समजावा. तथापि विमेदार हयात नसल्यास लबाडी झाली नाहीं हें सिद्ध करण्याचा भार वारसांवर पडतो, आणि मृताचें बोलणें ऐकलेला एकमेव साक्षी बहुधा तो विक्रेताच असतो. यासाठीं आजारांचीं उत्तरें स्वतःच्या हातानें लिहावीं. प्रस्तावपत्राची प्रत विमापत्राबरोबर विनामूल्य मिळते, ती पत्नीस वाचून दाखवावी आणि तिच्याच हवालीं करावी.