किल्ली भिजली? बटण दाबू नका, आधी सेल काढा

पावसाळा आला, की खिशातल्या वस्तूंचे हाल सुरू होतात. चिखलणीला उतरलेल्या माणसाच्या खिशात मोटारीची किल्ली तशीच राहते. कुणाची विहिरीवर वाकताना हौदात पडते, तर कुणाची विजारीसकट धुण्याच्या बादलीत जाते. जुन्या जीपची किल्ली नुसती धातूची असे. पंच्याला पुसली, की काम झाले. आताच्या किल्लीत बटणे, टिकलीएवढा सेल आणि नाजूक तारकाम असते. ती भिजली, की कुणी चुलीपाशी ठेवते, कुणी तांदळाच्या डब्यात पुरते, तर कुणी ‘चालते का बघू’ म्हणून बटण दाबत सुटते. यातला एकही उपाय कामाचा नाही आणि शेवटचा तर घातक आहे.

बिघाड होतो कशाने?

नुसत्या स्वच्छ पाण्याने किल्ली लगेच मरत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि सेलमधली वीज एकत्र आली, की आतल्या तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात व त्यांवर हिरवट थर चढतो. विहिरीचे मचूळ पाणी, साबणाचे पाणी, खाडीचे पाणी किंवा खत कालवलेले पाणी असेल, तर हे काम फार झपाट्याने होते. पोटॅश खत हे मिठाच्याच जातीचे असते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून वीज तोडणे हे पहिले काम. पाणी नंतर काढता येते.

काय करावे?

किल्ली बाहेर काढताच कोरड्या फडक्याने पुसावी. बटण एकदाही दाबू नये. फवारणीच्या पाण्यात पडली असेल, तर हातमोजे घालूनच काढावी. किल्लीच्या कडेला खाच असते. तीत नाणे किंवा चपटा पेचकस घालून हलकेच फिरवले, की दोन शिंपल्या वेगळ्या होतात. सेल कसा बसला होता ते पाहून तो काढावा.

उघडताना एक काळजी घ्यावी. काही किल्ल्यांत तांदळापेक्षा थोडा मोठा, काळा किंवा काचेचा तुकडा वेगळा बसवलेला असतो. तो मातीत पडला, तर मोटार सुरू होणार नाही. म्हणून किल्ली परातीवर धरून उघडावी.

पाणी साधे असेल, तर आतला भाग टिपून घ्यावा. गढूळ, खारे वा साबणाचे असेल, तर आतली पट्टी निघत असल्यास ती पुन्हा धुवावी लागते. धुण्यासाठी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी उत्तम. बॅटरीचे आम्ल मात्र चुकूनही वापरू नये. मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने फिरवावे. ते लवकर पेट घेते, म्हणून चूल, दिवा, विडी दूर ठेवावी. रॉकेल-पेट्रोल लावू नये. त्याने प्लॅस्टिक व रबर खराब होते.

नंतर सगळे भाग सावलीत पंख्याखाली एक-दोन दिवस राहू द्यावेत. चुलीची धग, इस्त्री आणि पत्र्यावरचे कडक ऊन टाळावे. तांदूळ आतले पाणी ओढत नाहीत, उलट त्यांचा भुसा आत शिरतो. पुरते वाळल्यावर नवा सेल घालावा. सेलवर आकडा असतो. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड व ३ व्होल्टचा. आपल्या सेलवर असेल तोच आकडा आणावा.

रात्री-अपरात्री गाडी काढायची असेल तर?

घरात बाळंतीण असेल किंवा भाजी पहाटेच्या बाजाराला न्यायची असेल, तर दोन दिवस थांबता येत नाही. अशा वेळी एक गोष्ट माहीत हवी. दार उघडणारी बटणे आणि इंजिन सुरू होऊ देणारी चिप ही दोन वेगळी कामे आहेत. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना चोरीविरुद्धची अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडच्याही पुष्कळ गाड्यांत ती आहे. या चिपला सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातूनच तिला वीज मिळते.

म्हणून बटणे बंद पडली, तरी पात्याने दार उघडावे आणि नेहमीसारखी किल्ली फिरवावी. काही गाड्यांत भोंगा वाजेल, पण इंजिन सुरू होताच बहुधा थांबतो. बटणावर सुरू होणारी गाडी असेल, तर किल्लीच्या पोटात लहानसे पाते दडवलेले असते. त्याने दार उघडून किल्ली सुरू करण्याच्या बटणाला टेकवावी व बटण दाबावे. काही गाड्यांत टेकवण्याची जागा वेगळी असते. ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. आजच काढून पाहून ठेवावी. काट्यांजवळचा किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला, तर चिप ओळखली गेली नाही असे समजावे व दुसरी किल्ली आणावी.

दुसरी किल्ली जपा

नव्या मोटारीबरोबर बहुधा दोन किल्ल्या मिळतात. दुसरी कपाटात कोरडी ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा तिने गाडी सुरू करून पाहावी. पहिली बिघडली, की दुसरी हाताशी असतानाच नवी करून घ्यावी. दोन्ही गेल्या, तर खर्च व खोळंबा दोन्ही वाढतात. बाजारात नुसते पाते घासून केलेली किल्ली दार उघडेल, पण चिपवाल्या गाडीचे इंजिन सुरू करणार नाही.

शेवटी आयाबहिणींना एक सांगणे. काढलेला सेल ओट्यावर किंवा देवळीत ठेवू नका. लहान मुले तो गोळी समजून गिळतात आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजते. जुना सेलही तितकाच धोक्याचा. शंका आली, तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. किल्ली नवी मिळते. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा आणि मगच किल्लीला हात घाला.